बुधरीबाईचे दोन गंज

दिवाळीची सुट्टी संपून मुली गावाहून वसतिगृहात परतू लागल्या की बुधरीबाई स्वयंपाकघर सोडून फाटकाजवळ जाऊन बसायची. डोक्यावर पत्र्याची पेटी घेतलेली पोरगी, तिच्यामागे बाप किंवा भाऊ, दोघांचेही पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. पेटी खाली टेकायच्या आत बाई विचारायची, "तुमच्या गावचा वालाचा पंडुम झाला का?" ती हे माडियात विचारायची. मला माडिया फारसं कधी आलं नाही, पण हा प्रश्न इतक्यांदा कानावर पडला की तो आजही मला जसाच्या तसा म्हणता येतो.

अहेरीपासून बरीच आत, जंगलात, मुलींची ती निवासी शाळा होती. मी तिथे विज्ञानाचा शिक्षक आणि वसतिगृहाचा अधीक्षक होतो आणि बुधरीबाई स्वयंपाकीण. मुली तिला अव्वा म्हणत, म्हणजे आई.

पंडुम म्हणजे काय ते आधी सांगतो. शेतात, परसात नवं काही पिकलं की माडिया गाव ते लगेच तोंडात घालत नाही. गावची पूजा करणारा म्हातारा, त्याला पेरमा म्हणतात, दिवस ठरवतो. त्या दिवशी सगळं गाव मिळून ते पीक देवापुढे ठेवतं आणि मगच खातं. कोसरी या बारीक भरडधान्याचा पंडुम वेगळा, भाताचा वेगळा, वालाच्या शेंगांचा वेगळा. शिवाय प्रत्येक गावाचा दिवस ज्याचा त्याचा. एका गावात घरोघरी शेंगा शिजत असतात, तेव्हा नाल्यापलीकडच्या गावात त्या वेलावरच असतात.

आमच्याकडे कितीतरी गावांच्या मुली होत्या आणि भाजीची गाडी एकच यायची. म्हणून हिवाळाभर बुधरीबाई चुलीवर दोन गंज, म्हणजे पातेली, चढवायची. एकात नव्या शेंगा. दुसऱ्यात जुनं: गेल्या साली वाळवलेले वाल, वास्ते म्हणजे बांबूचे सुकवलेले कोंब, कधी सुकी मासोळी. ज्यांच्या गावचा पंडुम झाला त्या मुली एका ओळीत, ज्यांचा व्हायचा त्या दुसऱ्या ओळीत. कुठली पोरगी कुठल्या गावची आणि त्या गावाचं काय झालं, हे बाईच्या डोक्यात पक्कं असे. थंडी पुढे सरकेल तसा नवा गंज भरत जाई आणि जुना आटत जाई. शेवटी जुन्यात फक्त बाईच्या स्वतःच्या गावच्या मुली आणि बाई उरायची.

"तुमचं गाव दरसाल मागेच काऊन राह्यते बाई?" मी एकदा विचारलं.

"आमच्या पेरम्याले उठाबसाले महिना लागते," ती म्हणाली. "मंग देवाले काऊन घाई राहीन?"

म्हणजे जी बाई दिवाळीनंतर रोज मोठा गंजभर वाल शिजवत होती, तिला ते संक्रांत उलटेपर्यंत चाखताही येत नव्हते. आणि वाल म्हणजे तिचा जीव. झाकण काढलं की ती गंजावर वाकून डोळे मिटून वाफ घ्यायची. मिठाचा अंदाज हाताने, तिखटाचा नाकाने. वाढून झालं की पहिला घास घेणाऱ्या पोरीसमोर बसून विचारायची, "यंदा कसे हायेत?" पोरगी "गोड" म्हणाली की बाईचा चेहरा असा व्हायचा, जणू घास तिच्याच पोटात गेला. एखादी वात्रट पोरगी मुद्दाम "कडू" म्हणायची. मग डावाची दांडी तिच्या पाठीत बसायची.

ती फार प्रेमळ होती असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. हात चालवायची. भाताची खरवड लाडक्या पोरींनाच द्यायची आणि लाडक्या कोण ते उघड सांगायची. तंबाखूशिवाय तिची सकाळ होत नसे. कोणी घाई केली की म्हणायची, "चूल तुह्या बापाची नोकर हाय का?" हे तिने एकदा मुख्याध्यापकांनाही ऐकवलं होतं. स्वयंपाकघरात चपला घालून कोणी आलेलं तिला खपत नसे. मी आत गेलो की ती माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघायची.

थंडीच्या सकाळी मुलींना जावा मिळे, तांदळाची पातळ आंबील. ज्या पोरीला खोकला झाला तिला लाल मुंग्यांची चटणी, रडली तरी. दुपारी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या. भाताच्या खाचरात, बांधीत, धान निघाल्यावर लाखोरी ही लाखेची डाळ वर आली की तिचे कोवळे शेंडे खुडून ती तांदळाच्या पिठात घोटायची. मी म्हटलं, "बाई, लाखोरी तर नवीच आहे. हिचा पंडुम?"

"हे तुमच्या देवाचं पीक हाय सर. आमच्या देवाले मालूम नाई. खा."

"आणि कोबी?"

"कोबी तर त्यानं पाह्यलीच नाई अजून."

भाजी अहेरीहून शफीभाई आणायचा. त्याच्या घरी भाजीचा धंदा वाडवडलांपासूनचा. त्याच्या छोट्या टेम्पोचा आवाज आला की बाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहायची. दोघांचं भांडण हा आमचा करमणुकीचा कार्यक्रम होता.

"काय व बाई, तुमचा देव कवा जेवनार? माहा माल सडून राह्यला."

"तुह्या मालासाठी देवानं भूक लावून घ्यावी काय?"

"आमी चंद्र पाहून रोजा सोडतो. तुमी एका म्हाताऱ्याचं तोंड पाहून."

"तुह्या चंद्राले तरी कुठी दात हायेत? आमच्या पेरम्याले दोन हायेत."

पण पुढच्या खेपेला तोच शफीभाई कुठल्या तरी घरातून जुन्या वालाची पिशवी शोधून आणायचा आणि काही न बोलता चुलीजवळ ठेवून जायचा.

मला मात्र ते दोन गंज सोसत नव्हते. मी नागभीडकडचा. माझे वडील धानाच्या बांधीत राबले. सुगी झाली की मालक गावजेवण घालायचा आणि आमच्या लोकांना गोठ्याच्या बाजूला बसवायचा. वाढायचं भांडं वेगळं, वाढणारा वेगळा. मी वडिलांच्या शेजारी बसून जेवलेलो आहे. तेव्हापासून जेवणाच्या दोन ओळी दिसल्या की मला तिथे बसून जेववत नाही. बाईला मी हे सांगितलं होतं. तिने हातातलं काम थांबवून नीट ऐकून घेतलं.

"इथी कोणी हलकं, कोणी भारी असं नाई सर," ती म्हणाली. "ज्याचं झालं नाई, त्याचं झालं नाई. आज नाई त उद्या होईन."

"तोवर त्या पोरींनी जुनंपानं खायचं?"

"मी बी तेच खातो. मेलो काय?"

तिचं म्हणणं मला कळत होतं. पण डोळ्यांना गोठ्याची बाजूच दिसायची.

एका वर्षी पौषात वरून मोठे साहेब तपासणीला येणार असा निरोप आला. आधीच्या एका पाहुण्याने "या मुली वेगळ्या का बसवल्या, जातीचं काही आहे का?" असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. ते माझ्या मनात ठुसठुसत होतं. मी बाईला सांगितलं, "उद्या एकच गंज. एकच ओळ."

"बरं. मंग सगळ्याईले जुनं रांधतो."

"जुनं कसं चालेल? ताजी भाजी दिसली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी चुलीवर तरीही दोन गंज होते. एक मोठा, नव्या शेंगांचा. एक लहान, जुन्या वालाचा, कारण तोवर फक्त तिचंच गाव राहिलं होतं. सकाळचं आटपून ती जाव्याची भांडी घासायला नदीवर गेली. मी स्वयंपाकघरात गेलो. पायात चपला होत्या. लहान गंज उचलून मोठ्यात ओतला आणि डावाने ढवळला. जुने वाल आणि नवे वाल रश्शात एकदा मिसळले की वेगळे काढता येत नाहीत. मग मी मुलींना एका ओळीत बसवलं आणि स्वतः वाढायला लागलो. बाईच्या चुलीवरचं म्हणून कोणी काही विचारलं नाही. त्यांना माहीत होतं की अव्वा बघून घेते.

बाई घासलेल्या भांड्यांची टोपली घेऊन परत आली तेव्हा मुली जेवत होत्या. ओळ बघून ती थांबली. तिने आधी चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लच्ची नावाची तिच्या गावची पोरगी ओळीच्या टोकाला बसली होती. बाईने टोपली टाकली, लच्चीच्या गालफडात बोट घातलं आणि घास बाहेर काढला. हिरव्या शेंगेचं साल होतं. पोरगी घाबरून रडायला लागली. अर्धं ताट तोवर संपलं होतं.

उरलेलं कोणाला न देता बाईने दोन्ही गंज पालथे घातले आणि राख लावून घासत बसली. साहेब दुपारी उशिरा आले. त्यांनी कार्यालयात चहा घेतला, रजिस्टरवर सही केली आणि अंधार पडायच्या आत अहेरी गाठायची म्हणून निघून गेले. स्वयंपाकघराकडे ते वळलेही नाहीत.

पुढे थोड्याच दिवसांनी लच्चीच्या बापाला वाघाने मारलं. तो बांबू आणायला गेला होता. पोरगी घरी गेली ती रडत सांगत सुटली की आपण पंडुमाआधी नवे वाल खाल्ले.

मी आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं आहे. शेंग खाल्ल्याने वाघ येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. पण गावाने बाईला वाघाबद्दल काही विचारलंच नाही. पोरीच्या रश्शात नवे वाल कोणी घातले, एवढंच विचारलं. त्या बैठकीत काय झालं ते लच्चीने मला फार नंतर, मोठी झाल्यावर सांगितलं. ती तेव्हा आईच्या मांडीला टेकून तिथेच बसली होती. मी वाढलं हे तिला माहीत होतं, पण गंजातलं सगळं अव्वाच्याच हातचं असं ती धरून होती.

पेरम्याने विचारलं, "नवे वाल कोणी घातले?"

बाई म्हणाली, "मी."

"जाणून?"

"नाही. चुकलं माझ्याकडून."

म्हातारा म्हणाला, "बुधरी, तू चुकत नाहीस. सगळ्या गावांना माहीत आहे. खरं सांग."

"चुकलं," ती पुन्हा म्हणाली.

चूक झाली तर त्याला उपाय असतो. कोंबडं द्यायचं, पाणी शिंपडायचं, विषय संपला. दुसऱ्या एखादीने हे सांगितलं असतं तर गावाने मानलं असतं. बुधरीबाईचं मानलं नाही, कारण हिच्या हातून असं होत नाही याची प्रत्येक आईबापाला खात्री होती. त्या खात्रीवरच त्यांनी मुली वसतिगृहात ठेवल्या होत्या. तेव्हा तिने हे जाणून केलं आणि आता लपवते आहे, असाच अर्थ निघाला. खरं सांगेपर्यंत तिने पंडुमात बसायचं नाही, असं ठरलं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं हे तिला बैठकीआधीच दिसलं असावं. सरांनी मुद्दाम मिसळून खाऊ घातलं, हे एकदा तिच्या तोंडून निघालं असतं तर दुसऱ्या दिवशी फाटकाजवळ बापांची रांग लागली असती, एका गावच्या नाही, सगळ्याच गावांच्या. पेट्या डोक्यावर घेऊन पोरी परत गेल्या असत्या आणि त्यातल्या फार थोड्या पुन्हा आल्या असत्या. बाईची स्वतःची मुलगी कधी शाळेत गेली नव्हती. लहानपणीच तिचं लग्न झालं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. हे बाईने मला एकदाच सांगितलं होतं, शेंगा सोलता सोलता, मान वर न करता.

पंडुमात बसायचं नाही याचा अर्थ मला हळूहळू कळत गेला. पंडुम नाही, तर नवं काही नाही. नवा भात नाही, नवी कोसरी नाही, नवे वाल नाहीत. पुढच्या हिवाळ्यात बाईने पुन्हा दोन गंज मांडले आणि मी तोंड उघडलं नाही. थंडी सरत आली, तिच्या गावच्या पोरीही नव्या ओळीत गेल्या. मोठ्या गंजाशेजारी चुलीच्या कोपऱ्यात एक लहानशी हंडी मात्र राहिली. तिच्यात मूठभर जुने वाल शिजत असायचे. फक्त बाईचे. शफीभाईने एकदा त्या हंडीकडे पाहिलं आणि भांडण न काढता भाजी उतरवून ठेवली.

तिने मला कधी दोष दिला नाही. एकदाच, उन्हाळा लागताना, पदराला हात पुसत माझ्या खोलीच्या दारात आली. "सर, एक डाव आमच्या गावात याल काय?"

कशाला, हे मला विचारायची गरज नव्हती. तरी मी विचारलं.

"पेरम्याच्या कानात सांगजा. फक्त त्याले. तो कोणाले सांगत नाई. म्हातारा झाला आता."

म्हणजे पोरीही राहतील आणि आपलाही पंडुम होईल, असा रस्ता तिने शोधून काढला होता. त्यात माझं फार काही जाणार नव्हतं. मी म्हणालो, "परीक्षा होऊ दे बाई, मग जाऊ." परीक्षा झाली, सुट्टी लागली, मी नागभीडला आलो. पावसाळ्यात माझी आरमोरीला बदली झाली. मी ती मागितली नव्हती, पण आदेश हातात पडला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. पेरमा त्याच वर्षी गेला. नंतर गावात त्याच्या कानासारखा कान राहिला नाही.

मी निवृत्त झाल्यावर शाळेने जुन्या मुलींचा मेळावा घेतला. बाईचा सत्कार होता. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. समोर खुर्चीत ती बसली होती, पार वाळलेली, मांडीवर शाल आणि नारळ. मी तिच्या हाताच्या चवीबद्दल बोललो, डावाच्या दांडीबद्दल बोललो, मुली हसल्या. मग माझी नजर तिच्या गावच्या बायकांवर गेली आणि मी म्हणालो, "बाई आयुष्यात एकदाच चुकल्या. चूक कोणाकडून होत नाही?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांच्या तोंडून 'चूक' शब्द आला तर गाव मानेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. बाईने टाळ्या संपेपर्यंत मान हलवली. रात्रीच्या जेवणात नव्या वालाची भाजी होती. ती कोपऱ्यात बसून घरून आणलेल्या डब्यातलं जेवली.

यंदा भात निसवत होता तेव्हा लच्चीचा फोन आला. ती आता त्याच वसतिगृहात अधीक्षिका आहे. "अव्वा गेली," ती म्हणाली. घरात शिंक्यावरच्या मडक्यात मागच्या सालचे वाल निघाले, तेही तिने सांगितलं. पंडुमाच्या वेळी गाव आपल्या गेलेल्या माणसांची नावं घेतं. त्यात बुधरीचं नाव घ्यायचं की नाही, यावर गावात बोलणं चाललं होतं. तेव्हा मी फोनवर लच्चीला सगळं सांगितलं. तिच्या तोंडातून काढलेला तो घास तिला आठवत असणार. ती म्हणाली, "सर, लिहून द्या. पंडुमाआधी द्या. मी गावात वाचून दाखवीन."

माझे गुडघे आता तिथवर पोचू देत नाहीत. पोचू देत होते तेव्हा मी गेलो नाही. म्हणून गावासाठी इथे साध्या शब्दांत लिहितो, लच्चीने ते माडियात सांगावं. त्या दिवशी वाल मी मिसळले आणि मीच वाढले. बुधरीबाई नदीवर होती. तिने जाणून केलं नाही आणि चुकूनही केलं नाही. ती चुकली असं मी सगळ्यांसमोर बोललो, ते खोटं होतं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी. अहेरीच्या आठवडी बाजारात मी बसची वाट पाहत होतो. थंडीचं ऊन होतं. वालाच्या शेंगांचे ढीग लागले होते, शेंगा पोपटी, दाण्यांनी फुगलेल्या. एका ढिगासमोर ती उकिडवी बसली होती. तिने एक शेंग उचलली, मधोमध मोडली, नाकाशी धरली. थोडा वेळ तशीच बसून राहिली आणि मग दोन्ही तुकडे हलकेच ढिगावर ठेवले.

"गेल्या सालचे हायेत काय?" तिने विचारलं.

दुकानदार पोरसवदा होता. "एवढे ताजे सोडून जुने काऊन व बाई?"

"दे."

त्याने मागच्या पोत्यात हात घालून सुके वाल काढले. तिने ते पदरात बांधले, गाठ दातांनी आवळली आणि उठताना तिला मी दिसलो. ती जवळ आली. सवयीने माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"काल जेवनात वाल होते ना सर?"

"होते."

"यंदा कसे हायेत?"

"गोड आहेत," मी म्हणालो.

तिने मान हलवली, पोरींसमोर बसून हलवायची तशीच, आणि पदराची गाठ मुठीत धरून गर्दीतून गावाच्या वाटेला लागली.